चंदेरी रंगाची मशीनगन

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला. जुनं ग्रीस आंबतं हे मला तोवर माहीत नव्हतं. वर काळपट पिवळा थर, त्यात झुरळांचे पंख चिकटलेले, आणि एका कोपऱ्यात वाळून कातडं झालेला उंदीर. मी बाहेर जाऊन दोनदा थुंकलो आणि परत आलो, कारण काम माझ्यावर सोपवलेलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. बेंगळूरला यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलणाऱ्या माणसाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीला माझ्या तोंडून इंग्रजीची चार वाक्यं धड निघाली नव्हती. तरी मॅनेजरने मला घेतलं. एवढंच नव्हे, आमची निम्मी यंत्रं जर्मन असल्यामुळे संध्याकाळच्या जर्मन वर्गाला पाठवलं आणि फी कारखान्यातून भरली. माझी आई त्या माणसाला न बघताच दर सोमवारी त्याच्या नावाने नारळ वाढवायची. मीही त्याला मनातून नमस्कार करत असे. पुढचं सांगण्याआधी हे सांगायला हवं.

पेटी आली होती एका पलटणीच्या संग्रहालयाकडून. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात हाती लागलेल्या दोन जर्मन मशीनगन कुणीतरी कधीकाळी खोलून एकाच पेटीत कोंबल्या होत्या. एक पायदळाची, एक रणगाड्यावरची. नळ्या वितळवून कायमच्या बुजवलेल्या. संग्रहालयाला फक्त रणगाड्यावरची हवी होती, तिचे स्वतःचे भाग लावून, काचेच्या कपाटात ठेवायला. जर्मन येणारा मी एकटाच, म्हणून भाग ओळखायचं काम माझं.

नळीवरचं आवरण ओळखायला लहान मूलही पुरे होतं. पायदळाच्या बंदुकीचं आवरण हलकं, हवा खेळावी म्हणून सगळीकडे भोकं. रणगाड्याच्या बंदुकीचं तोंड पोलादाबाहेर, गोळ्यांच्या माऱ्यात येणार, म्हणून तिचं आवरण जाड, जड आणि जवळजवळ सलग. पण मागचा मुख्य सांगाडा, वरचं झाकण, आतला बोल्ट, हे दोन्हींचे जुळ्या भावंडांसारखे. जर्मनांनी ते कुठल्याही बंदुकीत बसावेत असेच घडवले होते. व्हर्नियर लावून मापं घेतली तर फरक केसाएवढाही नाही. बसतंय म्हणून तिचंच, असं म्हणण्याची सोय नव्हती. सांगणार ते फक्त ठोकलेले आकडे आणि तपासनिसाचे शिक्के, नखाएवढा गरुड आणि त्याच्या पायाशी अंक.

मी ते रॉकेल आणि दात घासायच्या ब्रशाने हळूहळू वर काढले. अंगाला, डब्याच्या चपातीला, केसांना तोच वास. हे माणूस मारायचं अवजार आहे आणि मी त्याची नखं साफ करतोय, असं वाटून जेवण जात नसे. तरीही सलग आवरणावरचा आकडा एका सांगाड्यावर सापडला, तेव्हा मला आनंद झाला. रणगाड्याच्या भागांना मी लाल दोरे बांधले आणि दोन्ही बंदुका वेगवेगळ्या फळ्यांवर मांडल्या.

त्याच सुमारास म्हातारे हवालदार आले. खानापूरकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, बेंगळूरलाच बनशंकरीत लेकीकडे राहायला. संग्रहालयवाल्यांनी त्यांना पत्ता दिला होता. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही. बंद पडलेल्या रणगाड्यातून ती बंदूक काढून कांबळ्यावर घालून ओढत आणणारे दोघे होते. एक हे. दुसरा त्यांच्याच गावचा, आणताना पाठीत गोळी लागून मेला. कपाटाखाली पितळी पट्टी बसणार होती आणि तिच्यावर त्या दुसऱ्याचं नाव येणार होतं. गावात त्याचं कुणी उरलं नव्हतं, नावाचा दगडही नव्हता.

"मी काय वळखणार न्हाई पोरा," ते म्हणाले. "पन्नास वर्सं झाली, आन् तवा आमी बंदूक बघत न्हवतो, जीव बघत हुतो. तू शिकल्याला हाईस. आमचीच लाव म्हणजे झालं."

मी म्हणालो, लावतो. ते बराच वेळ तिथे बसले आणि लाल दोऱ्याच्या भागांना हात न लावता नुसते बघत राहिले.

दसऱ्याला मी चार दिवस निपाणीला गेलो. आमच्याकडे खंडेनवमीला वडिलांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा धुऊन पाटावर ठेवतात, गंध लावतात, झेंडूचं फूल वाहतात, संपलं. बेंगळूरच्या कारखान्यातली आयुधपूजा मात्र मी आदल्या वर्षी पाहिली होती. प्रत्येक यंत्र घासायचं, रंगवायचं, केळीचे खुंट बांधायचे, कुंकू भरलेला कोहळा दारात आपटायचा, कडलेपुरीचे, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचे, पुडे वाटायचे. म्हणून निघण्याआधी मी मॅनेजरला मुद्दाम सांगितलं होतं की माझ्या खोलीतल्या फळ्यांना कुणी हात लावू नये. तो म्हणाला, सरी, सरी, ठीक आहे, तू आईला भेटून ये.

परत आलो तर फळ्या रिकाम्या होत्या. दोन्ही बंदुकांचे भाग पुढच्या हॉलमध्ये मालकाच्या टेबलावर, सुकलेल्या झेंडूखाली, एकत्र. सगळे आरशासारखे घासलेले आणि वरून ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग. शिक्के, आकडे, गरुड, सगळं पॉलिशच्या चाकाखाली गेलेलं. दोरे कचऱ्यात. प्रत्येक भागावर कुंकवाचा टिळा तेवढा होता.

बफिंगवाला फोरमन हसत माझ्याकडे आला. दरवर्षी आम्ही पान्यांची पूजा करतो सार, म्हणाला, या वर्षी खरंखुरं आयुध होतं. दिवसभर त्याने एकट्याने घासलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याच्या बोटांना फोड आले होते. त्याला मी काय बोलणार? त्याने देवाचं काम केलं होतं.

पण भाग त्याच्याकडे दिले कुणी, हे विचारल्यावर त्याने नजरेने मॅनेजरची केबिन दाखवली. मालकाचे पाहुणे पूजेला येणार होते. त्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं.

केबिनमध्ये मॅनेजर कडलेपुरी खात होता. मी सांगितलं की आता कुठला सांगाडा कुठल्या बंदुकीचा हे ओळखता येणार नाही. त्याने पुडा माझ्याकडे सरकवला. सलग आवरण आहे ना, त्याला यातला कुठलाही लाव, बसतो ना, मग झालं. मी म्हणालो, ठोकलेला आकडा घासला तरी खालच्या पोलादात त्याची खूण राहते, आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं. ॲसिड लावून पाहू, कदाचित वर येईल. त्याने मान हलवली. ॲसिडने चमक जाईल. संग्रहालयाचा अधिकारी फोटो बघून खूश झाला आहे.

"तू फक्त कागदावर सही कर की सगळे भाग तपासून जुळवले," तो म्हणाला. "जर्मन तुला येतं, मला नाही. आणि त्या म्हाताऱ्याला तुमच्या भाषेत सांग की हीच ती. स्वल्प ॲडजस्ट माडि, जरा जमवून घे. त्यालाही बरं वाटेल."

बोलताना त्याच्या ओठाला चुरमुऱ्याचा कण चिकटलेला होता. दर सोमवारी ज्या माणसाच्या नावाने आईने नारळ वाढवले, त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. त्याला लाज वाटत असती तर मला सोपं गेलं असतं. तो प्रेमाने बोलत होता. मी सही केली नाही. त्याचा त्याला राग आला नाही, त्याने स्वतः केली.

आठवड्याने म्हातारे हवालदार आले. धुतलेलं धोतर, काळा कोट, कोटावर पदकं. बंदूक जोडून लाकडी घडवंचीवर ठेवली होती, खाली पितळी पट्टी बसवलेली. मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं. म्हाताऱ्यांना खुर्ची नको होती. ते जवळ गेले, चप्पल काढली आणि मागच्या सांगाड्यावर उघडा तळहात ठेवला.

"हीच?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना मराठीतच सगळं सांगितलं. पुढचं आवरण तुमच्या बंदुकीचं आहे. मागचा भाग तुमचा असेल किंवा दुसरीचा असेल. आकडे घासले गेले, आता कुणालाच सांगता येणार नाही. ॲसिडने कदाचित कळेल, पण ते लावायला यांची तयारी नाही.

मॅनेजरला मराठी येत नव्हतं, पण म्हाताऱ्यांचा चेहरा त्याला वाचता आला. तो हिंदीत म्हणाला, बाबा, बंदूक बंदूकच असते, बघा कशी नव्यासारखी झाली आहे.

म्हातारे त्याच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. पट्टीवर मित्राचं नाव होतं. ते त्यांनी बोट लावून वाचलं, मग मला म्हणाले, "हे काढाय सांग. अर्धी त्यानं आणल्याली, अर्धी कुणाची कुणास ठावं. असल्या रंगवल्याल्या म्हशीखाली माझ्या दोस्ताचं नाव नको."

"मग त्यांचं नाव कुठंच राहणार नाही, आजोबा," मी म्हणालो.

"न्हाई ऱ्हायलं तर न्हाई. खोट्यात नको."

मी ते शब्द न बदलता हिंदीत सांगितले. मॅनेजरने खांदे उडवले आणि पेचकस मागवला. पट्टी चार स्क्रूंवर होती, निघायला वेळ लागला नाही. तिच्या जागी पुढे नुसतं 'रणगाड्यावरील मशीनगन' असं लिहून बंदूक संग्रहालयात गेली, असं मी ऐकलं. बघायला मी कधी गेलो नाही. त्या कारखान्यात मी आणखी काही वर्षं काढली, माझ्या घराला दुसरा आधार नव्हता. मॅनेजर माझ्याशी शेवटपर्यंत चांगला वागला. आईला मी काही सांगितलं नाही, त्यामुळे सोमवारचे नारळही चालू राहिले, आणि घरी गेलो की त्या प्रसादाचा तुकडा तोंडात घोळत राहायचा, गिळवायचा नाही.

त्या दिवशी म्हाताऱ्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला मी निघालो. कॉफी त्यांनी तशीच ठेवली होती. कारखान्याच्या फाटकाशी नळ होता, तिथे ते थांबले. ज्या हाताने त्यांनी बंदुकीला स्पर्श केला होता, तो तळहात चंदेरी झाला होता. रंग स्वस्तातला, नीट बसलेला नव्हता. त्यांनी हात पाण्याखाली धरला, चोळला, मग खाली बसून माती घेऊन चोळला. रेघांमधून चंदेरी काही जाईना. मी साबण आणतो म्हणालो, तर नको म्हणाले.

"घरला गेलो की लेक इचारंल, दोस्ताची बंदूक बघिटली काय म्हणून," ते मातीत हात चोळत म्हणाले. "तिला काय सांगू रं?"

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्यांच्या हातावर पाणी घालत राहिलो.