दुखऱ्या गुडघ्याची खबर

अगं सूनबाई, ये, जवळ बस. गच्चीवरून आपल्या पेठेचा फुटबॉलचा सराव बघतेस आणि माहेरच्या पेठेला फोनवर सगळं सांगतेस, शोभतं का गं? कोल्हापुरातली ही हेरगिरी जुनीच. मुली विरोधी पेठेत द्यायच्या आणि सणाला आल्या की मायेनं विचारायचं. मीही संक्रांतीला भावापाशी बोलून गेले, "धाकट्या भाऊजींचा उजवा गुडघा दुखतोय." मॅचमध्ये तिघांनी नेमक्या त्याच गुडघ्यावर लाथा घातल्या. भाऊजी पुन्हा कधी धावले नाहीत. लेप मीच लावत बसले. आपलं माणूस विचारपूस करतं, तेव्हा त्याला मारायची जागा हवी असते. भावानं जिंकल्याचे पेढे पाठवले, सोबत निरोप, "आक्का, लवकर ये की भेटायला. गोलकीपरचं काय दुखतंय?"