प्रधानजीची वाचा

आमच्या कोल्हापूरच्या बोर्डिंगातल्या प्रधानजीला स्वतःचं नाव सांगता येत नसे. 'ने'वर जीभ अडकली की त्याच्या कपाळावरची शीर फुगायची, डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस घाईनं म्हणायचा, "असू दे, असू दे." त्यामुळं नेमगोंडा हे नाव हजेरीपटापुरतंच राहिलं. तहान लागली तर तो कुणाकडं पाणी मागत नसे, उठून विहिरीवर जाई. वर्गात गणिताचं उत्तर सगळ्यांच्या आधी त्याच्या पाटीवर तयार असे, पण मास्तरांनी विचारलं की तो पाटीच फिरवून दाखवायचा.

प्रधानजी हे नाव पडलं ते बोर्डिंगच्या संमेलनात. नाटक बसलं होतं आणि ऐन वेळी प्रधान होणारा मुलगा तापानं फणफणला. नेमू पडदा ओढायच्या कामाला होता. सगळ्या तालमी त्यानं दोरी हातात धरून ऐकल्या होत्या. तो मास्तरांपुढं आला आणि बोटानं स्वतःची छाती ठोकली. मास्तरांना दुसरा इलाज नव्हता. त्याला पागोटं बांधलं, मिशी चिकटवली आणि आत ढकललं. आम्ही पोरं हसायच्या तयारीनंच बसलो होतो. तो राजापुढं झुकला आणि म्हणाला, "महाराज, अभय असेल तर बोलतो." आवाज भरदार, मोकळा, पार शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. पुढचं लांबलचक भाषण तो एकदाही न अडखळता बोलला. आमचं हसायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून त्याला बोलायची युक्ती सापडली. कुणाशी काही बोलायचं असलं की तो आधी कमरेत झुकायचा, "महाराज, अभय असेल तर बोलतो," म्हणायचा आणि त्याच दमात पुढचं बोलून टाकायचा. मंडईतली एक म्हातारी तर त्याची वाटच बघत असे. "बोला की परधानजी! वांगी देऊ का दोडका?" आणि हा प्रधानाच्या थाटात कोवळी वांगी मागायचा. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्याला त्याचं काही वाटत नसे. हळूहळू झुकणं कमी झालं, मग वाक्यही आखडलं. मॅट्रिकच्या वर्षी तो नुसता 'अभय' एवढा शब्द पुटपुटून बोलू लागला होता. पण दर वर्षी एक नाटक त्याला लागायचंच. "बाळगोंडा, स्टेजवर जीभ माझी नसते, प्रधानाची असते," तो मला म्हणाला होता. "तिथनं आणतो आणि वर्षभर वापरतो." खासबागेजवळ महाराजांनी नवं थिएटर बांधायला काढलं होतं. येता-जाता तो त्या भिंती बघत उभा राहायचा.

मॅट्रिकला तो गणितात पहिला आला आणि घोटाळा तिथंच झाला. कोल्हापूरच्या कॉलेजात संमेलन होतं, नाटकं होती, आखाडा होता. पण बोर्डिंगच्या गुरुजींनी त्याच्या वडलांना परमुलखातल्या एका कॉलेजाचं नाव सांगितलं. तिथले गणिताचे प्रोफेसर नामांकित, निकाल उत्तम आणि अभ्यासाशिवाय दुसरं काही नाही. आप्पांना म्हणजे त्याच्या वडलांना ते मनापासून पटलं. गावाकडं नदीकाठी त्यांची शेती होती. माणूस मायाळू. लेकाला बोलताना त्रास होतो म्हणून लहानपणापासून सगळीकडं त्याच्या वतीनं तेच बोलत आले होते.

आप्पा बोर्डिंगच्या कट्ट्यावर बसले होते. मी धीर करून म्हटलं, "आप्पा, त्याला हितंच राहायचंय. त्याला नाटक पाहिजे."

"तो सांगंल की," आप्पा म्हणाले. "काय रं नेमू? जातोस न्हवं? तुझ्या मनात काय हाय ते सांग. तू नको म्हणालास तर मी न्यायचा न्हाय."

नेमू उभा राहिला. मोठी गोष्ट सांगायची होती, एका शब्दावर भागण्यासारखी नव्हती. तो कमरेत झुकला. "महाराज, अभय असेल तर..."

आप्पांचा चेहरा पडला. "माझ्यासमोर सोंग करतोस व्हय रं? मी काय नाटकातला राजा हाय? बापाशी सरळ बोल की लेकरा."

आणि नेमूला सरळ बोलता येईना. कपाळावरची शीर फुगली, ओठ थरथरले, 'क' वर 'क' निघत राहिले. मी मध्ये बोलायला गेलो तर आप्पांनी हातानं मला थांबवलं. ते रागावले नव्हते. त्याला वेळ देत होते. पुष्कळ वेळ दिला त्यांनी. शेवटी नेमूनं तोंड मिटलं आणि मान खाली घातली. आप्पा उठले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं बरं. न्हाय म्हणत न्हाय म्हंजी झालंच की."

पुढं एका सुट्टीत मी त्याला भेटायला त्या कॉलेजात गेलो. काय खोट काढावी? ग्रंथालय मोठं, खोल्या स्वच्छ, प्रोफेसर देवमाणूस. मला म्हणाले, "तुमच्या मित्राला आम्ही बोलायची सक्ती करत नाही. तो फळ्यावर लिहितो आणि सगळा वर्ग बघत राहतो." खानावळीत वाढप्याला खुणा पाठ झाल्या होत्या. कुणी त्याची चेष्टा करत नव्हतं, म्हणून कुणाशी झगडून बोलायची वेळच येत नव्हती. रात्री मी म्हटलं, "प्रधानजी, अभय आहे, बोला." तो हसला. थोडा वेळ प्रयत्न केला आणि मग माझ्या खांद्यावर थोपटून त्यानं दिवा बारीक केला.

बी.ए.ला तो पहिल्या वर्गात आला. त्या उन्हाळ्यात कोल्हापुरात आमचं नाटक होतं. मी हट्टानं त्याला दोन वाक्यांचं काम दिलं, पागोटं मीच बांधलं. तालमीत तो राजापुढं झुकला. वाक्य आलं नाही. तिथंसुद्धा 'म' वर 'म'च निघत राहिले. त्यानं पागोटं उतरवलं, नीट घडी करून माझ्या हातात दिलं आणि तो जाऊन पडद्याच्या दोरीपाशी उभा राहिला.

त्याला दूर, मोजणी खात्यात मोठी नोकरी लागली. मान मिळाला, संसार झाला. एकदा तो सुट्टीला येऊन गेला, तेव्हा त्याला स्टेशनवर पोचवून परतताना आप्पा टांग्यात माझ्याशेजारी बसले होते. "बाळगोंडा, पोरगं लई शिकलं," ते म्हणाले. "पर घरात अवाजच न्हाय रं. आदी निदान सोंग तरी करायचं." त्यानंतर नेमू गावी फारसा आला नाही; पुढं तिकडंच वारला.

आता लोक मला जाणता समजून विचारायला येतात, मुलाला कुठल्या कॉलेजात घालू? अभ्यासाचं कॉलेज वाईट असतं असं मी कसं म्हणू? मी बापाला बाहेर ओसरीवर बसवतो, मुलाला समोर घेतो आणि म्हणतो, "सोंगानं सांग, गाऊन सांग, कसंही सांग. मला घाई नाही." मुलाचं लक्ष दाराकडं असतं, आणि बाहेरून बाप विचारतो, "झालं का हो सांगून?"