बाराचं ॲव्हरेज

आमच्या सायकल ग्रुपवर दर रविवारी नऊच्या सुमाराला आकडे पडू लागायचे. बावीस, चोवीस, एकदा तर सव्वीस. तासाला इतके किलोमीटर, सरासरी. माझा आकडा बारा. शाळेत मुलांना सरासरी मीच शिकवते, त्यामुळे हिशोब चुकला असंही म्हणता येईना.

बाराचं कारण माझ्या शेजारीच पायडल मारत असायचं. माझी थोरली जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. वय अठ्ठावन्न, माहेर लोणीचं. लहानपणी भावाची सायकल दांडीखालून पाय घालून चालवायच्या. लग्नानंतर सायकलला हात लावला नव्हता. माझी लेक नोकरीला गेल्यावर तिची सायकल पडवीत नुसतीच उभी होती. एक दिवस बाईंनी ती पुसून काढली आणि म्हणाल्या, "मी बी येते गं तुझ्यासंगं."

जुन्नरहून ओझरला जाऊन यायचं, तर वाटेत बाई दहा ठिकाणी थांबायच्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची व्यालेली म्हैस. एकदा मी वैतागून मोबाईल पुढे केला. "बघा, किती कमी ॲव्हरेज आलंय."

"ॲव्हरेज गाडीचं असतंय, पेट्रोलवर," बाई म्हणाल्या. "आपलं चहावर काढ. एका कपात ओझर. लई झालं की!"

मी हसले खरी, पण पुढच्या रविवारी त्यांना हाक न मारताच निघाले. एकटी, कुठेही न थांबता. अठरा! ग्रुपवर टाकलं, अंगठे आले. घरी पोचले तर बाई ओट्यावर बसलेल्या. बूट घालून, नाड्या बांधून.

"हाक तर मारायची," त्या म्हणाल्या.

खोटं बोलायचं जिवावर आलं. "तुम्ही हळू चालवता, बाई."

"मग तसं सांगायचं व्हतं. माझं पाय हळू हायेत, कान न्हाईत." आणि बूट काढून आत गेल्या.

त्यानंतरचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. मी ग्रुपबरोबर गेले. पहिल्या चढालाच सगळे पुढे निघून गेले आणि मी एकटीच मागे राहिले. मग एका संध्याकाळी भाऊजी, म्हणजे बाईंचे यजमान, मला म्हणाले, "काय जादू केलीस गं? रोज सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतीय. आल्यावर मला विचारती, आज किती मिनिटं लागली?"

मला जेवण गेलं नाही. रविवारी उजाडताच मीच त्यांच्या दारात उभी राहिले. "चला, बाई."

त्या निघाल्या त्या सुसाटच. मान खाली, ओठ घट्ट. मी मागून बघत होते; पाठ घामाने भिजलेली, पदर कमरेला आवळून खोचलेला. एका मळ्यात बाया झेंडू तोडत होत्या. त्यांनी ओळखलं, हात उंचावून हाका मारल्या. बाईंनी नुसती मान हलवली आणि तशाच पुढे गेल्या.

ते मला बघवेना. मी ब्रेक दाबला. "बाई, थांबा! मला दम लागलाय."

त्या वळून आल्या, सायकल बांधाला टेकवली. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुला कुठला दम लागतोय? खोटारडी."

"थांबायचंय मला, बाई. चुकलं माझं."

त्या हळूच बांधावर टेकल्या आणि पाय लांब केले. "पोटऱ्या आंबल्यात गं. तीन आठवडं झालं."

मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चेपू लागले. त्या आधी लाजल्या, मग डोळे मिटून घेतले. मळ्यातल्या बाया झेंडूच्या पाट्या ठेवून आमच्याकडे यायला निघाल्या होत्या.