शिटी वाजली तरी

मे महिन्यात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बडोद्याच्या निजामपुऱ्यात एसी आणि कूलर विकणाऱ्या माणसाची सुगी तीच. त्या दुपारीही गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि दाजी काचेचं दार उघडं धरून उंबऱ्यातच उभे. आतली गार हवा भसाभसा बाहेर चाललेली. शेवटी माझा सेल्समन न राहवून म्हणाला, "काका, बारणुं बंद करो ने, ठंडक जती रहे छे." दाजी म्हणाले, "जवा दे, भाई. आखी दुनिया गरम थाय छे, थोडी ठंडक एने पण मळे." गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, आणि हाताला धरून त्यांना आत ओढलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, जयसिंगराव शितोळे. गल्ल्यापाशी बसून त्यांनी सावकाश पाणी प्यायलं आणि एकदम म्हणाले, "हे बघ, मी गेल्यावर मराठी मंडळात शोकसभा होईल. तिथे कोणीतरी उठून सांगेल की शितोळे मनातून फार आशावादी होते. तेवढं होऊ देऊ नकोस."

"दाजी, भर सीझनमध्ये मरणाच्या गोष्टी कसल्या काढता?"

"बरं, मग सीझन संपेपर्यंत थांबतो," ते म्हणाले आणि उठले. पण थांबले नाहीत. सीझन संपायच्या आत एका सकाळी अक्काचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "अरे, हे उठत नाहीयेत…" मी धावत गेलो, डॉक्टरही आले, पण हृदयानं झोपेतच दगा दिला होता.

शितोळ्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत घोडदळात. दाजींच्या पिढीपर्यंत घोडे गेले होते, ऐट तेवढी राहिली होती. शहराबाहेर बाजव्याच्या पुढे एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. काम असं की आग लागू द्यायची नाही, आणि लागलीच तर माणसं बाहेर काढायची. त्यासाठी दर महिन्याला न सांगता सायरन वाजवायचा आणि किती जण ठरलेल्या झाडाखाली येऊन उभे राहतात ते बघायचं. या ड्रिलच्या गोष्टी ते जेवताना सांगत, आणि आम्ही हसून लोळत असू. "सायरन होतो. कँटीनमध्ये लोक सेवउसळ खात बसलेले. प्रत्येक जण मान वर करून बघतो, दुसरा उठतोय का. दुसरा ह्याच्याकडे बघत असतो. मग कोणीतरी म्हणतं, ड्रिल छे यार. की ये रे माझ्या मागल्या, सगळ्यांचे पाव पुन्हा रश्शात." उशिरा झाडाखाली येणाऱ्याला ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तुम्ही गेलात. आता जा, निवांत चहा प्या."

एकदा दिवाळीत आमच्या घरी गॅसचा वास आला, तर दाजींनी शिटी फुंकून सगळ्यांना अंगणात काढलं. सदऱ्याच्या खिशात ती पितळी शिटी कायम असायची. माझे वडील दाढी करत होते. ते आतूनच ओरडले, "आलो हं, उरलेला गाल करून आलो!" सिलिंडरची नळी सैल झाली होती, ती दाजींनीच नीट केली. वडिलांना मात्र ते जन्मभर "सासरेबुवा, तुम्ही अर्ध्या दाढीत गेलात" असं चिडवत राहिले. निराशावादी माणूस म्हणजे रडका, असं ज्यांना वाटतं त्यांनी दाजींना आमच्या घरी बासुंदी ओरपताना बघायला हवं होतं.

हो, निराशावादी. हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. नव्वदनंतर बडोदं बघता बघता बदललं. ज्यांच्या घरी एक सायकल होती त्यांच्या दारात दोन स्कूटर आल्या, मग गाडी आली. लोक उन्हाळ्यात अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, झोपायचे बंद झाले. मी कूलरवरून एसीवर आलो आणि देवाच्या कृपेनं बरा चाललो. त्याच काळात दाजी कारखान्याच्या वाचनालयात पृथ्वीचं तापमान वाढतंय त्याबद्दल मिळेल ते वाचत होते. आमच्या मराठी मंडळात गणपतीत व्याख्यानं होतात. मी कार्यकारिणीत होतो, म्हणून मीच त्यांचं नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "चालेल, पण शेवट गोड करायला सांगा. लोक बायकामुलांना घेऊन येतात." आणि दाजींना न विचारता त्यांनी फळ्यावर विषय लिहिला: तापती पृथ्वी आणि आशेचा किरण.

दाजी आले, फळा वाचला, खिशातून रुमाल काढला आणि किरण पुसून टाकला. मग माइकवर म्हणाले, "फळ्यावरचं अर्धं नाव माझं होतं, अर्धं अध्यक्षांचं. अध्यक्षांचं मी पुसलंय." हॉल हसला. तेवढंच हसणं त्या संध्याकाळी झालं. कोळसा, तेल, धूर, उष्णता हे सगळं त्यांनी साध्या भाषेत समजावलं आणि शेवटी ते कँटीनवर आले. "आपल्याला हे सगळं कळेल. पुरावे मिळतील, ऊन अंगाला लागेल, तरी आपण आधी बशीतलं संपवू. दुसरा उठतो का ते बघू, आणि तो आपल्याकडे बघत बसलेला असेल. एका कँटीनमध्ये मला माणसं वेळेवर उठवता आली नाहीत. अख्ख्या जगाला ते जमेल असं मी सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं असेल. मला नाही वाटत जमेल."

मागून एका तरुण बाईंनी चिडून विचारलं, "मग आम्ही काय करायचं? रडत बसायचं का?"

"छे! रडायचं कशाला? उठायचं. दुसरा उठो न उठो."

आभार मानताना अध्यक्ष म्हणालेच, "शितोळ्यांनी सावध केलंय, आता आपण सगळे मिळून यशस्वी होऊच." त्यावर दाजी खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले, "मी असं म्हटलेलं नाही." पुढच्या काही वर्षांत ते दोन-तीनदा त्याच विषयावर बोलले. दर वेळी खुर्च्या जास्त रिकाम्या असत, पण मंडळाच्या सांगण्यावरून त्यांनी शेवट एकदाही बदलला नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "घडा पालथा आहे हे मीच तर सांगतोय."

त्यांचं माझं भांडण जुनं आणि आवडीचं. मी पक्का आशावादी. दुकानदाराला दुसरं काही परवडत नाही. मी म्हणायचो, "दाजी, माणूस अडला की वाट काढतो. कमी विजेवर चालणारे एसी येतील बघा." ते म्हणायचे, "येतील ना. मग तू दुप्पट विकशील." आणि खरं सांगायचं तर मी विकलेही.

एकदा मात्र ते गिऱ्हाईक म्हणून दुकानात आले. त्यांच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या, बडोद्याचा उन्हाळा त्यांना सोसेना. मी स्वतः जाऊन एसी बसवला. खोली गार झाली, म्हातारीचा डोळा लागला. मी बाहेर येऊन चेष्टा करायला तोंड उघडणार, तोच दाजी हलक्या आवाजात म्हणाले, "बोल, काय बोलायचं ते बोल. अरे, माझं म्हणणं हेच आहे. मला सगळं ठाऊक आहे आणि तरी मी आईसाठी एसी घेतला. पुन्हा घेईन. उद्या गावोगावचे मुलगे आपापल्या आईसाठी घेतील. ह्यात वाईट माणूस कोण, दाखव मला. वाईट माणसं असती तर काही उपाय तरी होता…" त्यांचे डोळे भरले होते. मी चेष्टा गिळली. त्या दिवसापासून मला ते जास्तच आवडायला लागले.

निवृत्तीनंतर त्यांनी ड्रिल सोसायटीत आणली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी केव्हाही शिटी वाजायची. फाटकाजवळच्या लिंबाखाली जमायचं, एवढंच. निमित्त आगीचं, पण झाडाखाली ते बोलायचे त्या दुसऱ्याच मोठ्या आगीबद्दल. सुरुवातीला पोरंसोरं मजा म्हणून आली, मग तीही क्लासला जायला लागली. शेजारचे पटेलकाका गॅलरीतून हातातला कप दाखवत सांगत, "चा पीने आवुं छुं, शितोळेसाहेब!" आणि खाली येईपर्यंत दाजींच्या लेखी ते गेलेले असत. मी एकदा वैतागून विचारलं, "कोणी येणार नाही हे माहीत आहे, मग वाजवता कशाला?" ते म्हणाले, "येत नाहीत म्हणूनच वाजवायची. सगळे येत असते तर शिटी कशाला लागली असती?"

अक्का मात्र दर वेळी पहिली. शिटी ऐकली की गॅस बंद करून, कधी पिठाच्या हातांनीच, ती जिना उतरून लिंबाखाली उभी. मी तिला एकदा एकटीला गाठून विचारलं, "तुला पटतं का गं यांचं?" ती म्हणाली, "पटो न पटो. एवढा माणूस शिटी वाजवून वाट बघत उभा असतो. कोणीतरी जायला नको?"

तेराव्यानंतर मंडळात शोकसभा झाली. सभेला घरून निघताना अक्कानं ती पितळी शिटी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तुझ्यापाशी असू दे. माझ्या फुंकरीत आता जोर नाही." हॉल आता वातानुकूलित आहे. एसी माझ्याच दुकानातून गेलेत. खिडक्या बंद, गारवा छान, माणसं भरपूर. दोघातिघांनी चांगल्या आठवणी सांगितल्या. मग अध्यक्ष उठले. माणूस प्रेमळ आहे, दाजींवर त्यांचा जीवही होता. डोळे पुसत म्हणाले, "शितोळे वरून नारळासारखे कडक. पण मी त्यांना आतून ओळखत होतो. त्यांच्या अंतःकरणात आशेचा अखंड झरा…"

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मला भाषण येत नाही. मी एसीचे गुण सांगू शकतो, बाकी काही नाही. पण मी उभा राहिलो. "साहेब, माफ करा. झरा वगैरे काही नव्हता. आपल्याला हे जमणार नाही असं त्यांना वाटायचं. शेवटच्या भेटीतही वाटत होतं. आणि तरी ते दर महिन्याला शिटी वाजवत होते. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एक ठेवून दुसरी पुसू नका." मी खिशातून शिटी काढून जीव खाऊन फुंकली.

बंद हॉलमध्ये ती केवढी घुमली! लोक दचकले. मग प्रत्येकानं शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा ह्याच्याकडे बघत होता. कोणीतरी हळूच म्हणालं, "बेसो ने भाई, बेसो." अध्यक्ष माइकवर म्हणाले, "एक मिनिट हं, एवढा मुद्दा पूर्ण करतो." दाजींचं सगळं व्याख्यान माझ्यासमोर खुर्च्यांवर बसलं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अक्का उठली. तिनं पदर सावरला, मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत गेली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली. मी तिच्या मागे. फाटकाशी आसोपालवाचं झाड आहे, त्याच्या तुटपुंज्या सावलीत ती उभी राहिली. वर ऊन मी म्हणत होतं. भिंतीवरचे एसी गरम हवा आमच्या अंगावर फेकत होते. आम्ही दाराकडे बघत राहिलो. आतून माइकचा आवाज येत होता.

"किती आले?" अक्कानं विचारलं. दाजी असंच विचारत.

"तू आणि मी."

"म्हणजे ह्यांचंच खरं," ती म्हणाली. चेहऱ्यावरचा घाम तिनं पदरानं टिपला. "वाजव परत."

मी परत वाजवली.

शिटी मी परत नेऊन अक्काच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, पूर्वी रात्रीपुरती तिथेच असायची. ह्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकान उघडायच्या आधी मी गेलो, ती काढली आणि जिन्याखाली उभं राहून फुंकली. पटेलकाका गॅलरीत आले, हातात कप होता. बऱ्याच वेळानं ते तोंड पुसत खाली आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही गेलात." ते हसले नाहीत. अक्का केव्हाची लिंबाखाली होती. हात अजून पिठाचे होते, आणि आणखी कोणी उतरतंय का, म्हणून ती जिन्याकडे बघत होती.