आप्पांच्या फोटोची काच

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — तिला ठाऊक आहे का, एवढंसुद्धा विचारायचं धाडस झालेलं नाही.

ऑफिसात कुणाची बदली झाली की लोक मला विचारतात, घर हलवताना डोकं शांत कसं ठेवायचं? मी सांगतो — खोकी उघडायची घाई करू नका. आधी एक जुनी वस्तू भिंतीवर लावा, मग नवं घर परकं वाटत नाही. सल्ला माझा नाही, आईचा आहे. आणि मी स्वतः तो पाळला नव्हता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मी पाचवीत असताना गेले. आई निपाणीत विड्या वळायची. भाड्याच्या खोल्या बदलत आम्ही वाढलो, पण प्रत्येक खोलीत आधी आप्पांचा फोटो लागायचा, मग स्टो पेटायचा. फोटोत आप्पा पांढऱ्या कपड्यांत, हात जोडलेले, पाठीमागं पंचशील ध्वज — बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीचा. मी बेळगावला बिऱ्हाड हलवलं तेव्हा आईनं तो स्वतः खिळ्यावरून काढून दिला. "घिऊन जा रं. त्येंच्याबिगर करमायचं न्हाय तुला."

बेळगावात दोन घरमालकांनी निपाणीतल्या आमच्या गल्लीचं नाव विचारलं आणि "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही. तो खालीच राहायचा, पहिल्या रविवारी चहाला वर येणार होता. मी फोटो चादरींच्या घड्यांत घालून दिवाणात ठेवला. भीतीला कारण होतं, म्हणाल तुम्ही. होतं. पण तो चहा पिऊन गेला, त्यावर आठवडा गेला — तरी मी दिवाण उघडला का?

आईचा फोन आला. "आप्पास्नी लावलास न्हवं?"

"आई, गाडीत काच फुटली."

"त्येस्नी लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग सोड. घर हलवायचं म्हंजे मानूस निम्मं हुतंय. जिवाला लावून घिऊ नको."

माझी समजूत घालत होती ती — माझी!

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा फोन. "इस्टँडवर उतरलीया. काच आणलीया." निपाणीच्या भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. तो विडीच्या दोऱ्यानं मापून, चौकटीची पट्टी वजा करून तिनं काच कापून घेतली होती — हे तिनं नंतर सांगितलं — आणि एसटीत मांडीवर धरून आणली होती.

रिक्षाला वीसेक मिनिटं लागणार होती. बायको बाजारात गेली होती. मी दिवाण उघडला. काच धड होती. आप्पा बघत होते. मी त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला आणि वरवंटा उचलला. पहिल्या घावाला काच फुटली नाही. दुसरा — दुसरा मला जोरात घालावा लागला.

आई आली. पाणीसुद्धा न पिता फोटो मांडीवर घेऊन तुकडे वेचत बसली. आप्पांच्या गालावर चरा उठला होता. त्यावरून तिनं अंगठा फिरवला. "लागलंय की रं," एवढंच म्हणाली. मग नवी काच बसवली. नेमकी बसली. दोऱ्याचं माप जरासुद्धा चुकलं नव्हतं. दारासमोरच्या भिंतीवर मला खिळा ठोकायला लावला. घरमालकानं तो फोटो पुढं कितीदा तरी पाहिला. त्याला काय वाटलं, मला माहीत नाही.

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. आता घर स्वतःचं आहे, आणि संध्याकाळी मी आणि आप्पा समोरासमोर असतो. येणारे-जाणारे त्या चऱ्याबद्दल विचारतात. मी सांगतो, घर हलवताना लागलं. तेव्हा बायको उठून आत जाते.

परवाही एकानं विचारलं. मी तेच सांगितलं.