सगळ्या भावकीची फाइल

लग्नाच्या व्हिडिओत कुणाचं नाव गाळलं गेलं, तर उंब्रजच्या अप्पांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हमरस्त्यालगत व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान टाकलं होतं. पत्रिकेतले चुलते, मामा, आत्या झाडून सगळे ते पडद्यावर आणत. तेवढ्यावर भागेना, म्हणून फाइलच्या शीर्षकाच्या रकान्यातही तीच यादी भरत. "अप्पा, तिथं कोण वाचतंय?" असं मी विचारलं की म्हणत, "न का वाचंना! मानपान हाय त्यो. उद्या चुलता रुसला, तर तू समजूत घालणार व्हय?"

कॉम्प्युटरची पदविका घेऊनही नोकरी मिळेना, म्हणून मी तेव्हा त्यांच्याकडे कामाला होते. एका दांडग्या भावकीच्या लग्नाची फाइल आम्ही घरोघर वाटली आणि तक्रारी सुरू झाल्या. फाइल उघडली की फोनमधलं व्हिडिओचं अ‍ॅप धाडकन बंद पडायचं. चार दिवस खपून मी कारण शोधलं. त्या अ‍ॅपने शीर्षकासाठी मेमरीत ठरावीक जागा राखली होती, पण नावं किती येतात ते बघतच नव्हतं. जास्तीची नावं शेजारच्या जागेत घुसून तिथलं पुसून टाकत होती.

"म्हंजी पंगतीत जागा उरली न्हाई, म्हणून पावणं थेट आचाऱ्याच्या जागी जाऊन बसलं," अप्पा म्हणाले.

"हो. आणि पाहुण्यांऐवजी कुणी लबाड तिथं बसला, तर फोन त्याच्या हुकमात जाईल."

अप्पांचा चेहरा उतरला. "लोकांच्या बँका हायत्या गं फोनात."

अ‍ॅप बनवणाऱ्यांना आम्ही कळवलं. उत्तर नाही. आठवड्यावर माझी पुण्यातली मुलाखत आली होती. हा शोध इंटरनेटवर टाकून गेले असते, तर नोकरी माझीच होती. अप्पा आडवे आले. "फाटक मोडल्याची दवंडी कुणी पिटतं का? आदी फाटक बसू दे." मी चिडले, रडले, पण मुलाखतीत अवाक्षर काढलं नाही. नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढे महिनाभर मी अप्पांशी कामापुरतंच बोलले. ते मात्र रोज सकाळी समोर बसून मला पुन्हा मेल लिहायला लावत.

अखेर दुरुस्ती आली. कंपनीने माझं नाव घेऊन जाहीर आभारही मानले. पुढे त्याच जोरावर मला नोकरी लागली. आभार आले त्या दिवशी मात्र मला गावभर मिरवायचं होतं आणि अप्पांनी स्कूटर काढली. "आदी घरं." फाइल दिलेल्या प्रत्येक घरी जाऊन ते फोन मागून घेत आणि मी त्यावर नवं अ‍ॅप चढवत असे.

अप्पा जाऊन वर्ष झालं. मला आठवतं ते त्या फेरीतलं शेवटचं घर. नवरीच्या आजीने विचारलं, "काय बिघडलं व्हतं वो?"

एरवी स्वतःची चूक मरेस्तोवर कबूल न करणारा हा गडी. इथे तर त्यांची चूक नव्हतीच. तरी हात जोडून म्हणाले, "आमच्या हातनं चुकलं, मावशे. ह्या पोरीनं धरलं, म्हणून निभावलं."

महिनाभर मी ज्यांच्याशी धड बोलले नव्हते, ते हे अप्पा.