घोडेवाल्या दुनळीचा पारखी

"नाम को नक्को देखो साब, नंबर देखो. नाम कोई भी खोद देता!"

समोर बंदूक ठेवली की उस्तादांचं हे पहिलं वाक्य. मग ते नळ्या सुट्या करायचे, छताच्या हुकाला बांधलेल्या दोऱ्यात लटकवायचे आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवायचे. दोन नळ्यांचा सांधा पक्का असला तर नळ्या घंटेसारख्या घुमत. ढिला असला तर तडा गेलेल्या माठाचा आवाज. "झूट बोलरी," म्हणून उस्ताद मान हलवायचे.

गौलीगुड्यातल्या एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात ते मिस्त्री होते. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळी बंदुका पारखणारा असा माणूस अख्ख्या हैदराबादेत नाही, असं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणत. मी म्हणत नव्हतो. मी उभी हयात बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या. कुणी गोड बोललं की माझे कान टवकारतात. उस्ताद तर गोडही बोलत नसत, म्हणजे दुप्पट संशय! तुमच्याही ओळखीत असेल माझ्यासारखा एखादा. नसला तर सुखी आहात.

एकदा माझ्यादेखत एक गृहस्थ 'नवाबाची बंदूक' घेऊन आले. नळीवर पाण्यासारख्या सुंदर लहरी. जुन्या पीळदार लोखंडाची ती खूण. उस्तादांनी फडक्यावर थिनरचे दोन थेंब घेऊन नळी पुसली आणि लहरींचा रंग उतरलेलं फडकं गृहस्थांपुढे धरलं. "लेव, नवाब साब की लहर." मला हसू आवरेना. पण मनात आलंच, ज्याला खोटं इतकं ओळखता येतं त्याला ते करताही येत असणार.

मग आमचीच दुनळी त्यांच्या हाती गेली. आजोबांनी घेतलेली, मधल्या पट्टीवर विलायती कंपनीचं नाव. अण्णांचा तिच्यावर जीव. निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, म्हणून ती त्या दुकानात ठेवली होती, दहा दिवस. पुढे परवाना माझ्या नावावर करायचा होता, म्हणून अण्णा म्हणाले, उस्तादांकडून पारखूनही घे.

आणायला गेलो तर उस्ताद म्हणाले, "दो नंबर हैं साब. घोडों के नीचे एक, नली के पेट पे दूसरा. नली बाद में बदली किसीने. शौक से रखो, मोल नक्को पूछो."

माझं डोकंच फिरलं. परवान्यावर एकच नंबर, घोड्यांखालचा. नळीच्या पोटाचा नंबर आमच्या घरात कोणी कधी वाचलाच नव्हता. चार गिऱ्हाइकांसमोर, मालकासमोर, मी ओरडलो, "बदली कोणी? तुम्हीच! दहा दिवस तुमच्याच ताब्यात होती!"

उस्तादांनी हात पुसले, नळ्या बसवल्या आणि बंदूक माझ्या हाती दिली. "बदला रहता तो बोल देता, साब." मी पायरी उतरताना एवढंच म्हणाले, "नंबर में की हल्दी नक्को निकालो."

हळद! चोरी करून वर मलाच शहाणपण शिकवतो!

घरी अण्णा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. "तो माणूस तसा नाही रे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाले.

"तुम्हाला काय, सगळेच देवमाणूस वाटतात!" मी फटकारलं.

खंडेनवमी आली. दरवर्षी अण्णा दुनळी उघडून तिच्या एकेका भागाला हळदकुंकू लावत. यंदा त्यांचे हात फार थरथरत होते. "तू उघड," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्या नळ्या उलट्या केल्या.

पोटावर नंबर होता. त्याच्या खाचांत हळद तेलात मुरून दगड झाली होती. सुईने टोकरून पाहिली. वर पिवळी, खाली तपकिरी, अगदी तळाशी काळी.

"अण्णा, इथे दरवर्षी लावता?"

"आजोबा लावायचे तिथंच."

दहा दिवसांत कोणी इतक्या नवम्या भरू शकत नाही. नळ्या आमच्याच होत्या. आजोबांच्या हाती आल्या तेव्हाच बदललेल्या होत्या. उस्तादांनी तो नंबर हळद न खरवडता, भिंगातून वाचला असणार. खरवडली असती तर त्यांचा एकमेव साक्षीदार गेला असता. आणि हे सगळं ठाऊक असून त्यांनी माझ्याशी वाद घातला नव्हता. मला स्वतःचीच शिसारी आली.

चपला कशाबशा सरकवून मी काचीगुड्यातल्या घरून गौलीगुडा गाठला. कामाच्या बाकावर कोणी नव्हतं. वरच्या हुकाला दोरा तेवढा लोंबत होता.

"उनको तो उसीच हफ्ते निकाल दिये," मालक म्हणाला. "चार जनों के सामने आपइच बोले ना!"

"घर कुठंय त्यांचं?"

"खाली करके गाँव चले गये बोलते. कौनसा, मालूम नै."

घरी परतलो तेव्हा अण्णा पाटापाशी हळदीची वाटी घेऊन बसले होते.

"भेटले का रे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "लाव, मुहूर्त टळतोय."

घोड्यांना लावली, चापाला लावली, दस्त्याला लावली. त्या नंबरापाशी मात्र बोट पुढे जाईना.

"अण्णा," मी म्हणालो, "इथली तुम्हीच लावा."